तंबाखूची तलफ आणि स्वसंमोहन : एक आढावा

भारतातील तंबाखूचा प्रश्न हा मुख्यतः तोंडात धरल्या जाणाऱ्या तंबाखूचा प्रश्न आहे. २०१६-१७ मध्ये झालेल्या दुसऱ्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांपैकी २१.४ टक्के, म्हणजे सुमारे २० कोटी माणसे, धूरविरहित तंबाखू वापरत होती, तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण १०.७ टक्के, म्हणजे त्याच्या निम्मे होते. महाराष्ट्रात ही तफावत कितीतरी अधिक आहे. येथे धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर मळलेली तंबाखू, मशेरी, गुटखा, मावा, खर्रा यांपैकी काही ना काही वापरणारे २४.४ टक्के आढळले, आणि पुरुषांत हे प्रमाण ३१.७ टक्के असले तरी स्त्रियांतील १६.६ टक्के हे प्रमाणही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. असे असूनही तंबाखू सोडवण्याच्या उपायांवर जगात जे संशोधन झाले, ते बहुतांशी सिगारेट ओढणाऱ्यांवर झाले, आणि ‘संमोहनाने व्यसन सुटते’ हा सर्वत्र ऐकू येणारा दावाही त्याच संशोधनातून उसना घेतलेला आहे.

स्वसंमोहन, म्हणजे स्वतःच स्वतःला एकाग्र व शिथिल अवस्थेत नेऊन ठरवलेल्या सूचना देण्याचा सराव, धूरविरहित तंबाखू सोडण्यास कितपत उपयोगी पडू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी या व्यसनाची घडण, संमोहनाचा इतिहास व स्वरूप, उपलब्ध पुरावा, प्रत्यक्ष सरावाची रीत आणि तिच्या मर्यादा या क्रमाने मांडणी केली आहे. उपरोक्त सर्वेक्षणात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांनी ती सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले होते आणि सुमारे एक-तृतीयांश लोकांनी आदल्या वर्षभरात तसा प्रयत्नही केला होता. इच्छेची वाण नाही, वाण आहे ती तलफेच्या नेमक्या क्षणी वापरता येईल अशा साधनाची, आणि स्वसंमोहनाचे मोल ठरवायचे ते याच कसोटीवर.

व्यसनाचे तीन पदर

तंबाखूचे व्यसन म्हणजे केवळ मनाचा दुबळेपणा, ही समजूत जितकी रूढ तितकीच चुकीची आहे. या व्यसनाचा पहिला पदर रासायनिक आहे. तंबाखूतील निकोटिन हे द्रव्य मेंदूतील विशिष्ट ग्राहकांना, म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरील रासायनिक संदेश स्वीकारणाऱ्या जागांना, चिकटते आणि त्यामुळे डोपामिन हे सुखद अनुभवाशी निगडित रसायन स्रवते. तंबाखूला चुना लावण्याची रीत या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते, निकोटिन मुक्त रूपात येते आणि गालाच्या व ओठाच्या आतील नाजूक त्वचेतून ते झपाट्याने रक्तात शिरते. सिगारेटमधील निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि रक्तातील त्याचे प्रमाण लवकर उतरू लागते, तर गालात धरलेल्या तंबाखूतून ते सावकाश चढते पण दीर्घकाळ मिळत राहते. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने बार भरणाऱ्या माणसाचे शरीर त्यामुळे जवळजवळ अखंड निकोटिनच्या अमलाखाली असते. तंबाखू बंद केल्यावर चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणे, झोपमोड, भूक वाढणे अशी जी लक्षणे दिसतात, ती साधारणतः पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतात आणि पुढील दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातात.

दुसरा पदर सवयीचा. खिशातून पुडी व चुन्याची डबी निघते, डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू पडते, नखाने काढलेला चुना तिच्यावर येतो, उजव्या हाताचा अंगठा काही काळ तिला मळत राहतो, मग दोन-तीन थापट्या मारून भुकटी उडवली जाते आणि उरलेली गोळी खालच्या ओठाच्या आत किंवा गालात जाते. ही संपूर्ण क्रिया माणूस बोलता बोलता, तिच्याकडे न पाहता करतो. वर्षानुवर्षांच्या आवर्तनाने ती जेवणाच्या शेवटाशी, सकाळच्या शौचाशी, कामाच्या सुट्टीशी, प्रवासाशी, रात्रपाळीतल्या जागरणाशी इतकी जोडली जाते, की तो प्रसंग येताच हात आपोआप खिशाकडे वळतो. विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून तयार होणारा खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातील मावा आणि घरोघरी तव्यावर भाजून कुटली जाणारी मशेरी यांचे साहित्य व कृती वेगळी असली, तरी प्रसंग आणि कृती यांची ही गाठ सर्वत्र सारखीच पक्की असते.

तिसरा पदर सामाजिक आहे. एकाने मळलेली तंबाखू चार जणांत वाटली जाते, अनोळखी माणसाशीही चुन्याच्या डबीवरून बोलणे सुरू होते, आणि नको म्हणणारा माणूस मंडळीपासून तुटल्यासारखा होतो. मशेरीच्या बाबतीत तर ती दात घासण्याचे साधन म्हणून घराघरांत मान्यता पावलेली असल्याने अनेक स्त्रियांना आपण व्यसनात आहोत याची जाणीवही होत नाही. हे तीन पदर वेगवेगळे ओळखणे आवश्यक आहे, कारण स्वसंमोहनाचा प्रभाव त्या तिन्हींवर सारखा पडत नाही. त्याचे खरे कार्यक्षेत्र दुसरा पदर हे आहे. पहिल्या पदराची लक्षणे सोसण्यास त्याचे काही साहाय्य होऊ शकते, तर तिसऱ्यासाठी कुटुंब, सहकारी व कायदा यांचीच साथ लागते.

हानीचे स्वरूप

धूर नाही म्हणून धोका नाही, हा भ्रम संशोधनाने केव्हाच दूर केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूचे वर्गीकरण मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केले असून तोंड, अन्ननलिका व स्वादुपिंड यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध मान्य केला आहे. तंबाखू नसलेली सुपारीही याच संस्थेने २००४ मध्ये कर्ककारक ठरवली. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते, आणि हा विकार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. देशात दरवर्षी तोंडाच्या कर्करोगाचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळतात. मुंबईत १,२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रामुख्याने मशेरी व तत्सम तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. उपायाची निवड करताना या वास्तवाचे भान ठेवावे लागते, कारण निष्फळ उपायावर घालवलेला काळ येथे आरोग्याच्या मोबदल्यात मोजावा लागतो.

संमोहनाची वाटचाल

आधुनिक संमोहनाचा उगम अठराव्या शतकातील फ्रान्झ मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’च्या कल्पनेत शोधला जातो. उपचार करणाऱ्याच्या देहातून एक अदृश्य द्रव वाहतो आणि त्याने रोगी बरा होतो, असे त्याचे प्रतिपादन होते. फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या आणि बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए यांचा समावेश असलेल्या आयोगाने १७८४ मध्ये प्रयोगान्ती असा कोणताही द्रव नसल्याचा निर्वाळा दिला व दिसणाऱ्या परिणामांचे श्रेय कल्पनाशक्तीला दिले.

या वाटचालीला निर्णायक वळण एका गोमंतकीयाने दिले, ही गोष्ट मराठी व कोकणी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. बार्देशातील कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेले जुझे कुस्तोदियो द फारिया, म्हणजेच आबे फारिया, यांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये प्रात्यक्षिके दाखवून असे मांडले, की या अवस्थेचे कारण उपचार करणाऱ्याच्या शक्तीत नसून ती अनुभवणाऱ्या व्यक्तीच्याच मनात, तिच्या एकाग्रतेत व अपेक्षेत असते. त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनाच्या वर्षी, १८१९ मध्ये, प्रसिद्ध झाला, आणि पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आज उभा आहे. संमोहनाची शक्ती जर अनुभवणाऱ्याचीच असेल, तर ती त्याला स्वतःलाही वापरता आली पाहिजे. स्वसंमोहनाची सारी उभारणी या एका विचारावर झाली आहे.

पुढे स्कॉटिश शल्यविशारद जेम्स ब्रेड यांनी १८४३ मधील ग्रंथात या अवस्थेची शरीरशास्त्रीय मांडणी केली, तर जेम्स एस्डेल यांनी १८४५ पासून बंगालमधील हुगळी येथे, भूल देण्याची औषधे रूढ होण्यापूर्वी, याच मार्गाने वेदना शमवून शस्त्रक्रिया केल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील एमिल कुए यांनी रोज ठरावीक वाक्य स्वतःशी म्हणण्याची स्वयंसूचनेची पद्धत लोकप्रिय केली, आणि जर्मन वैद्य योहानेस शुल्त्स यांनी १९३२ मध्ये अंग जड व उबदार होत असल्याच्या सूचनांवर आधारलेले शिथिलीकरणाचे प्रशिक्षण मांडले. तंबाखूच्या संदर्भात मात्र सर्वाधिक प्रभाव पडला तो अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हर्बर्ट स्पीगल यांचा. त्यांनी १९७० मध्ये एकाच बैठकीत धूम्रपान करणाऱ्याला स्वसंमोहन शिकवून पुढील सराव त्याच्याकडे सोपवण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

स्वसंमोहन म्हणजे काय

आजच्या मानसशास्त्रात संमोहन ही झोप किंवा बेशुद्धी मानली जात नाही. लक्ष एका गोष्टीवर केंद्रित झालेले, आजूबाजूच्या गोष्टींची जाणीव मंदावलेली आणि सूचनेला प्रतिसाद देण्याची क्षमता वाढलेली अशी ती जागृत अवस्था आहे. या अवस्थेत माणसाचा स्वतःवरील ताबा सुटतो किंवा त्याच्याकडून त्याच्या इच्छेविरुद्ध काहीही करवून घेता येते, ही समजूत रंगमंचावरील प्रयोगांनी पसरवलेली आहे आणि तिला उपचारशास्त्रात आधार नाही. मार्गदर्शकाच्या साहाय्याने घेतलेला संमोहनाचा अनुभव आणि स्वतः केलेले स्वसंमोहन यांत अवस्था तीच असते, सूचना देणारा बदलतो, एवढाच फरक.

प्रत्येकाची संमोहनक्षमता, म्हणजे सूचनेला प्रतिसाद देण्याची उपजत पात्रता, सारखी नसते. वाइट्झेनहोफर व हिल्गार्ड यांनी १९५९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ती मोजण्याची प्रमाणित श्रेणी तयार केली. तेव्हापासूनच्या मापनांतून असे दिसते, की थोडे लोक फार उच्च व थोडे लोक फार अल्प प्रतिसाद देतात आणि बहुसंख्य मधल्या पट्ट्यात असतात. ही पात्रता प्रौढ वयात बरीचशी स्थिर राहते. त्यामुळे एखाद्याला या मार्गाचा उपयोग झाला नाही, तर त्याची निष्ठा किंवा इच्छाशक्ती कमी पडली असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते.

ध्यान व योगनिद्रा यांच्याशी स्वसंमोहनाचे साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे, कारण श्वासावर लक्ष, शरीराचे क्रमाने शिथिलीकरण व मनाची स्थिरता ही अंगे तिन्हींत आढळतात. ध्यानात मनातील विचार केवळ पाहायचे असतात, तर स्वसंमोहनात विशिष्ट हेतूने रचलेली सूचना मनात मुद्दाम रुजवायची असते. योगनिद्रेतील संकल्प या सूचनेच्या जवळ जातो, आणि ज्यांना योगनिद्रेचा परिचय आहे त्यांना स्वसंमोहन शिकणे म्हणूनच सोपे जाऊ शकते.

पुरावा काय सांगतो

स्पीगल यांच्या १९७० मधील अहवालात ६१५ धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोक सहा महिन्यांनंतरही धूम्रपानापासून दूर राहिलेले आढळले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, याच पद्धतीवरील दुसऱ्या अभ्यासात २२६ जणांपैकी २३ टक्के दोन वर्षांनंतर मुक्त होते. हे आकडे उमेद देणारे असले, तरी त्यांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणजे संमोहनाशिवाय केवळ निश्चयाने किती जण सुटले असते, हे त्यांवरून कळत नाही. ग्रीन व लिन यांनी २००० मध्ये ५९ अभ्यासांचा परामर्श घेऊन संमोहन हा ‘कदाचित परिणामकारक’ उपाय असल्याचे म्हटले आणि त्याचबरोबर हा परिणाम संमोहनाचा की त्यासोबतच्या समुपदेशनाचा, हे वेगळे काढता येत नसल्याचेही नोंदवले.

२००८ मध्ये कार्मोडी व सहकाऱ्यांनी २८६ जणांवर केलेली चाचणी रचनेच्या दृष्टीने अधिक भक्कम होती. दोन्ही गटांना निकोटिनची पट्टी दिली गेली आणि एका गटाला संमोहन, तर दुसऱ्याला तितक्याच वेळेचे समुपदेशन मिळाले. सहा महिन्यांनंतर संमोहन गटातील २९ टक्के व समुपदेशन गटातील २३ टक्के लोकांनी आपण धूम्रपान करत नसल्याचे सांगितले. वर्षानंतर हे प्रमाण अनुक्रमे २४ व १६ टक्के होते. कल संमोहनाच्या बाजूचा दिसला, पण फरक फार मोठा नव्हता. या क्षेत्रातील सर्वांत काटेकोर मानल्या जाणाऱ्या कॉक्रेन आढाव्याने २०१९ मध्ये १४ चाचण्यांतील १,९२६ लोकांची माहिती एकत्र तपासली, आणि संमोहन हे अन्य समुपदेशनापेक्षा किंवा विनासाहाय्य प्रयत्नापेक्षा सरस आहे असे म्हणण्याइतका पुरावा नसून लाभ असलाच तर तो लहान असावा, असा निष्कर्ष काढला. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. पुरावा अपुरा असणे आणि उपाय निरुपयोगी असल्याचे सिद्ध होणे या भिन्न गोष्टी आहेत. संमोहनाच्या चाचण्यांत कोणाला काय दिले जात आहे हे सहभागी व्यक्तीपासून लपवता येत नाही, सूचना देणाऱ्याचे कौशल्य सारखे ठेवता येत नाही आणि सहभागींची संख्याही अनेकदा तोकडी असते, त्यामुळे ठाम उत्तर मिळणे मुळातच अवघड आहे.

धूरविरहित तंबाखूकडे वळल्यावर चित्र आणखी विरळ होते. या तंबाखूच्या मुक्तीवरील २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ३४ चाचण्यांचा समावेश होता. व्हॅरेनिक्लिन हे निकोटिनच्या ग्राहकांवरच अंशतः काम करणारे औषध आणि वर्तनात्मक समुपदेशन या दोन्ही उपायांनी सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. निकोटिनच्या च्युइंगगमचा व पट्टीचा लाभ मात्र तितका स्पष्ट दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही धूरविरहित तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सखोल समुपदेशनाला प्राधान्य असून पारंपरिक व पूरक उपचारांविषयी शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले आहे. म्हणून स्वसंमोहनाला आज मुख्य उपचाराचे स्थान देता येत नाही. समुपदेशनाच्या पोटात शिकवले जाणारे एक कौशल्य, हेच त्याचे योग्य स्थान होय.

सिगारेटकडून तंबाखूच्या पुडीकडे

सिगारेटसाठी रचलेल्या सूचना जशाच्या तशा उचलून चालत नाही, कारण दोन्ही सवयींची संवेदना निराळी आहे. धूम्रपानाच्या सूचना श्वास, छाती व धुराचा वास यांभोवती गुंफलेल्या असतात, तर येथे केंद्र आहे ते तोंड. ओठाखालची चुणचुण, तोंडात सुटणारे पाणी, गोळीचा भरीव स्पर्श आणि ती काढून टाकल्यावर जाणवणारी पोकळी यांच्याशी सूचनेने भिडले पाहिजे. त्यामुळे स्वच्छ तोंडाचा गारवा, चूळ भरल्यानंतरची मोकळीक, पुन्हा कळू लागलेली अन्नाची चव अशा तोंडाशी निगडित सुखद कल्पना अधिक उपयुक्त ठरण्याचा संभव आहे. हाताची क्रियाही विचारात घ्यावी लागते. तंबाखू मळणाऱ्या अंगठ्याला पर्यायी काम हवे असते, आणि अंगठा व तर्जनी एकमेकांवर अलगद दाबून धरणे ही खूण स्वसंमोहनातील शांततेशी जोडली, तर जुन्या हालचालीच्या जागी नवी हालचाल उभी राहते.

सकाळी तंबाखू किंवा मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, अशी अनेकांची पक्की धारणा असते. निकोटिन आतड्यांच्या हालचालीला काही प्रमाणात चालना देते, त्यामुळे ही धारणा सर्वस्वी निराधार नाही आणि केवळ सूचनेने ती पुसून टाकण्याचा प्रयत्न फसतो. कोमट पाणी, तंतुमय आहार व ठरावीक वेळ यांची जोड देऊन मगच ‘शरीराला आपली वेळ ठाऊक आहे’ अशा आशयाची सूचना दिली, तर ती मनाला पटते. शरीराच्या प्रत्यक्ष अनुभवाशी न जुळणारी सूचना मन झिडकारते, हे स्वसंमोहनातील महत्त्वाचे तत्त्व आहे.

सरावाची रीत

सरावाची सुरुवात डोळे मिटण्यापूर्वी, निरीक्षणाने होते. एक आठवडाभर प्रत्येक वेळी तंबाखू घेताना वेळ, प्रसंग व मनःस्थिती लिहून ठेवली असता कोणत्या क्षणांसाठी सूचना रचायच्या, हे स्पष्ट होते. त्यानंतर सोडण्याचा एक दिवस निश्चित करावा, घरच्यांना तो सांगावा आणि त्या दिवसापूर्वी किमान आठ-दहा दिवस स्वसंमोहनाचा सराव करून तो अंगवळणी पाडावा, कारण तलफ शिगेला पोहोचलेली असताना नवे कौशल्य शिकता येत नाही.

प्रत्यक्ष सरावात पाठ टेकून आरामात बसावे, डोक्याच्या किंचित वर एका बिंदूवर नजर स्थिर करावी, दीर्घ श्वास घेऊन पापण्या सावकाश मिटाव्यात आणि श्वास सोडताना कपाळ, जबडा, खांदे, हात, पोट व पाय या क्रमाने शरीर सैल होत असल्याची जाणीव घ्यावी. तंबाखू धरण्याच्या सवयीमुळे जबडा व ओठ आवळलेले राहू शकतात, म्हणून जबड्याच्या शिथिलीकरणाला येथे अधिक वेळ द्यावा. मग दहापासून एकपर्यंत उलटे आकडे मनात मोजत प्रत्येक आकड्यासरशी शांतता गहिरी होत असल्याची कल्पना करावी. या टप्प्यावर सूचना द्यायच्या. त्या थोड्या, वर्तमानकाळातील, होकारार्थी आणि स्वतःच्या बोलीतल्या असाव्यात. ‘मी तंबाखू खाणार नाही’ या वाक्यात मन तंबाखूचेच चित्र उभे करते, त्यापेक्षा ‘माझं तोंड स्वच्छ आहे, ते मी जपतो’ किंवा ‘तलफ येते आणि निघून जाते, मी शांत राहते’ अशी वाक्ये उचित ठरतात. स्पीगल यांच्या पद्धतीचा गाभाही असाच होता. पदार्थाशी झुंज देण्याऐवजी शरीराला विषापासून जपण्याची जबाबदारी स्वीकारण्यावर तिचा भर होता.

सूचनेनंतर प्रसंगाची मानसिक उजळणी करावी. जेवण झाले आहे, हात धुतले आहेत, सोबत्याने तळहात पुढे केला आहे, आणि आपण अंगठा व तर्जनी जुळवून, एक श्वास घेऊन, ‘नको, सोडली’ असे सहज म्हणत आहोत, हे दृश्य बारकाव्यांसह मनात पाहावे. शेवटी एकपासून पाचपर्यंत मोजून, हातपाय ताणून पूर्ण जागृतीत यावे. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटांचा असा पूर्ण सराव आणि त्याखेरीज दिवसभरात अनेकदा अर्ध्या-एक मिनिटाची आवृत्ती, ज्यात केवळ डोळे मिटणे, एक श्वास, बोटांची खूण व एक वाक्य असेल, अशी विभागणी सोयीची पडते. तलफेची एक लाट सहसा काही मिनिटांत ओसरते, आणि ही छोटी आवृत्ती नेमकी तेवढा काळ भरून काढण्यासाठी आहे. एखादे दिवशी घसरण झालीच, तर त्या प्रसंगाची नोंद घेऊन त्याच्यासाठी नवी सूचना रचावी. एका चिमटीमुळे सारे प्रयत्न वाया गेले, हा विचारच अनेकांना पुन्हा पूर्ववत व्यसनात लोटतो.

मर्यादा आणि दक्षता

स्वसंमोहन सामान्यतः निर्धोक असले, तरी काही बाबतींत दक्षता अनिवार्य आहे. वाहन चालवताना किंवा यंत्रावर काम करताना त्याचा सराव कधीही करू नये. ज्यांना भ्रम, भास किंवा वास्तवाशी संपर्क तुटण्याचे मानसिक विकार आहेत, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय ते करू नये. तीव्र नैराश्य असल्यास तंबाखू सोडताना मनःस्थिती अधिक खालावू शकते, त्यामुळे वैद्यकीय देखरेख हवी. गर्भवतींनी तंबाखू व मशेरी तत्काळ थांबवणे गरजेचे आहे, मात्र कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. शिथिलीकरण व सूचना यांचा सराव त्यांना औषधाविना उपलब्ध असलेला आधार ठरू शकतो.

सर्वांत मोठा धोका मात्र विलंबाचा आहे. तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड पूर्ण न उघडणे, तिखट सहन न होणे, गालात किंवा मानेत गाठ लागणे यांपैकी कोणतेही लक्षण असेल, तर मनाच्या सरावाने ते बरे होण्याची वाट पाहणे घातक आहे. अशा व्यक्तीने प्रथम दंतवैद्याकडे किंवा कर्करोग तपासणी केंद्रात जावे. एका बैठकीत कायमची मुक्ती देण्याच्या जाहिराती, हमीपत्रे आणि भरमसाठ शुल्क यांपासूनही दूर राहावे, कारण अशा हमीला उपलब्ध पुराव्यात कोठेही आधार नाही. मार्गदर्शन घ्यायचेच असेल, तर ते अधिकृत नोंदणी असलेल्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडून किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडून घ्यावे.

व्यवस्थेची जबाबदारी

व्यक्तीच्या प्रयत्नाला व्यवस्थेची साथ नसेल, तर कोणतेही मानसिक तंत्र तोकडेच पडते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली, पण सुटी तंबाखू, सुपारी व चुना वेगवेगळे सहज मिळत राहिल्याने मावा व खर्रा यांचा वापर थांबला नाही. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्था व शासन यांच्या सहभागातून २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ उपक्रमाने व्यक्ती, गाव व प्रशासन या तिन्ही पातळ्यांवर एकाच वेळी काम करण्याची दिशा दाखवली आहे. अशा उपक्रमांत, जिल्हा रुग्णालयांतील तंबाखूमुक्ती केंद्रांत आणि आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात शिथिलीकरण व स्वयंसूचनेचे साधे तंत्र समाविष्ट करण्यास खर्च जवळजवळ येत नाही. त्याचबरोबर मराठीतून, वऱ्हाडी, अहिराणी व मालवणी यांसारख्या बोलींतून सूचनांच्या ध्वनिफिती तयार करून, त्या मिळालेल्या व न मिळालेल्या गटांची शास्त्रशुद्ध तुलना करणाऱ्या चाचण्या महाराष्ट्रातच होणे अगत्याचे आहे. ज्या भूमीत मशेरी व खर्रा आहे, तेथेच त्यांवरील उपायांची पारख व्हायला हवी.

निष्कर्ष

एकंदर विचार करता, स्वसंमोहन हे तंबाखू सोडवणारे औषध नव्हे. त्याने निकोटिनचे अवलंबित्व थेट नाहीसे होत नाही आणि त्याच्या यशाचा निर्णायक पुरावाही अद्याप उभा राहिलेला नाही. परंतु ते स्वस्त आहे, योग्य दक्षतेने वापरल्यास सुरक्षित आहे, कोणत्याही उपचाराच्या आड येत नाही, आणि समुपदेशन, गरजेनुसार औषध व कुटुंबाची साथ यांच्या जोडीने वापरल्यास तलफेची ती अवघड मिनिटे निभावून नेण्याचे एक कौशल्य माणसाच्या हाती देते. म्हणून तंबाखू सोडू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आधी तोंडाची तपासणी करून घ्यावी, १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती साहाय्य क्रमांकावर विनाशुल्क समुपदेशन घ्यावे, डॉक्टरांशी औषधाविषयी बोलावे, आणि या तिन्हींसोबत स्वसंमोहनाचा रोजचा सराव ठेवावा. या तिन्हींऐवजी तो करू नये.